मिस्त्रीकाका, जीपच्या टायमिंगबद्दल मनापासून आभार

सप्रेम नमस्कार.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात. तेव्हा हे पत्र तरी ठेवून घ्या.

आजोबांची सीजे-३बी जीप आणली तेव्हा आंबा घाटात तिचं नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठकठक, मागच्या सीटपर्यंत ऐकू यायचं. आधीच्या एका गॅरेजात नुसत्या आवाजावर डिल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) फिरवून दिला होता. तुम्ही डिल्कोला आधी हातच लावला नाहीत. इंजिन थंड होऊ दिलंत आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे गॅप घेतलेत: इनटेक 18 थाउ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट 16. या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. म्हणून तर या जीपचं बॉनेट एवढं उंच! वरचे चार पटकन झाले. खालच्या चारांसाठी मॅनिफोल्डखाली हात घालताना तुम्ही जे पुटपुटत होता ते इथे लिहीत नाही.

मग डिल्कोतला पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा संपर्क. जुन्याच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) टेंगळावर टेकतं, खरा गॅप त्याहून जास्त असतो. आणि गॅप जास्त म्हणजे पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग आपोआप अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी वेळेआधी. नॉकिंगचं निम्मं कोडं इथेच सुटलं. नवा पॉइंट 20 थाउवर बसवलात, सोबत कंडेन्सर बदललात, प्लगचा गॅप 30 थाउ केलात.

टायमिंग मात्र माझ्याकडून करून घेतलंत, त्याचे आभार सर्वांत जास्त. एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा, हँडल हळूहळू. नुसती टायमिंगची खूण बघून चालत नाही, ती चार नंबरच्या कॉम्प्रेशनलाही येतेच. अंगठा उडाला की समजायचं एक नंबर. पिस्टन अगदी वर पोचण्याच्या 5 डिग्री आधी खूण थांबवली. बल्बची एक वायर कॉइलच्या डिल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, स्विच ऑन. डिल्कोतला रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेने डिल्को वळवत गेलो, बल्ब पेटला तिथेच बोल्ट आवळला. मग 1-3-4-2 या ठिणगीच्या क्रमाने प्लगच्या वायरी, आणि कार्बोरेटर अगदी शेवटी.

परवा पाचजण बसवून घाट चढलो. नॉकिंग नाही, पिकअपही छान.

पॉइंटचा घासणारा फायबरचा तुकडा झिजून गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं, हे तुम्ही सांगितलंत ते लक्षात आहे. पावसाळ्याआधी गॅप बघायला येतो, स्वतःचं फीलर गेज घेऊन. काकूंना सांगा, या वेळी चहा आमच्याकडून.

आपला,
उंच बॉनेटवाला