स्वतःच्याच पेपरपुढे ‘उंदीर’ लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण ज्याने आम्हाला गंडवायला तुमचं नाव वापरलं, त्यानेही ते हॉलमध्ये माईक लावून, चारचौघांतच वापरलं होतं.

आमची आई मूळची हरिपूरची, हळदीच्या पेवांच्या गावची. खरचटलं की हळद, घसा धरला की हळद-दूध, असंच तिने आम्हाला वाढवलं. तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं आणि ‘हळदीच्या अर्काने स्मृती परत येते’ म्हणणारा माणूस आमच्या घरात सहज शिरला. त्याच्या पत्रकावर शोधनिबंधांची भलीमोठी यादी होती, न्यूरोसायन्स आणि फार्माकोलॉजीच्या जर्नलची नावं होती, आणि सगळ्यात वर तुम्ही. ‘आपल्या साताऱ्याच्या शास्त्रज्ञ बाई आहेत,’ असं तो छातीठोकपणे सांगायचा. कॅप्सूलचा महिन्याचा खर्च आईच्या पेन्शनपेक्षा जास्त होता. भाऊ म्हणाला, दागिने मोडू. पहिला डबा घरात येऊनही पडला.

एका नावाजलेल्या डॉक्टरांना आम्ही ते पत्रक दाखवलं होतं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. ‘हळदच तर आहे, द्या,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग तुमच्याच पेपरवर छापलेल्या ईमेलवर मी मराठीत लिहिलं. तुम्ही फोन केलात आणि पहिलाच प्रश्न विचारलात, ‘आई आणखी कोणती औषधं घेतात?’ फिटसाठी फेनिटोइन चालू आहे म्हटल्यावर तुमचा आवाज बदलला. हळदीतलं करक्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून अशा कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा मिऱ्यातलं पायपरिन घालतात. पण त्याने यकृताचं औषधं मोडण्याचं काम मंदावतं. फेनिटोइन रक्तात वाढलं, तर तोल जाणं, गुंगी येणं, सगळं होऊ शकतं. डब्यावर पायपरिन लिहिलेलं होतंच. विकणाऱ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरांनीही नाही.

एवढ्यावरही तुमचे उपकार पुरेसे होते. पण पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून जाडसर पाकीट आलं. आत तुमच्या आयुष्यभराच्या शोधनिबंधांची छापील यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे लाल शाईने, तुमच्या हाताने, प्रयोग कशावर झाला ते सांगणारा एकेक शब्द लिहिलेला होता. उंदीर. उंदीर. पेशी. उंदीर. पेशी. ‘माणूस’ हा शब्द एकाही ओळीपुढे नव्हता. त्या पत्रकातल्या तुमच्या पेपरपुढे तुम्ही ‘उंदीर’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. माणसांवरचे अभ्यास इतरांचे आहेत, असं लिहून तेही दिले होते: २००८ मध्ये हाँगकाँगला ३४ रुग्णांवरचा आणि २०१२ मध्ये अमेरिकेत ३६ रुग्णांवरचा, २४ आठवडे चाललेला. दोन्हींत करक्युमिन घेणाऱ्यांच्या स्मृतीत फायदा दिसला नव्हता.

भावाने ती यादी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली आणि डबा पिशवीत घातला. माझ्या कुठल्याच बोलण्याने जे झालं नव्हतं, ते त्या लाल शब्दांनी झालं.

मॅडम, स्वतःची यादी माणसं फुगवतात. बढतीसाठी, पुरस्कारासाठी, नुसतं व्यासपीठावर ओळख करून द्यायची म्हणूनसुद्धा. तुम्ही मात्र एका अनोळखी बाईसाठी बसून स्वतःच्या प्रत्येक पेपरची हद्द आखून दिलीत. मला वाईट वाटलं, मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘प्राण्यांवरचं काम खोटं नसतं, अपुरं असतं.’ आणि स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांचे १९५७ सालच्या प्रयोगातले ससे सांगितलेत. सर्पगंधेतल्या रेसर्पिनने निपचित पडलेले ते ससे एल-डोपा दिल्यावर हालचाल करू लागले. पुढे माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या, म्हणून पार्किन्सनच्या रुग्णांना तेच एल-डोपा औषध म्हणून मिळालं, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल. मधली पायरी गाळून कुणी सशांच्याच जोरावर गोळ्या विकल्या असत्या तर, असं विचारताना तुम्ही खरोखर चिडला होतात. तुमचं ते चिडणं मला फार जवळचं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला आमच्यासारख्यांच्या फसवणुकीचा राग येतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

आईला न्यूरॉलॉजिस्टांनी दिलेलं डोनेपेझिल चालू आहे. आजार त्याने थांबणार नाही, काही काळ थोडी मदत होईल, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत, म्हणून आम्हीही रोज चमत्काराची वाट पाहत बसत नाही. यादीच्या झेरॉक्स काढून आमच्यासारख्याच काही घरांना दिल्या आहेत, तुमचं नाव झाकून.

सांगलीला आलात की विश्रामबागला आमच्याकडे जेवायलाच या. आई तुम्हाला ओळखणार नाही, पण दारात आलेल्या माणसाला न जेवता ती अजूनही जाऊ देत नाही.

तुमची ऋणी,
सांगलीची एक मुलगी