शेवट सांगूनच टाकलात की!

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत बीबीसीच्या 'द मिसिंग' सिरीजवरचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. हरवलेल्या मुलाचं शेवटी काय झालं ते तुमच्या लेखकाने तिसऱ्याच परिच्छेदात सांगून टाकलंय, तेही काही न बजावता. सिरीज २०१४ ची आहे म्हणून काय झालं, सगळ्यांची बघून झालीय असं थोडीच आहे, आमच्याच घरात दोघांचे चार भाग राहिलेत आणि आता ते माझ्यावर चिडलेत, पेपर मी वाचून दाखवला म्हणून.

दुसरं म्हणजे 'आठ भाग नुसतं पाणी घातलंय' हे काही पटलं नाही बुवा. टोनी आणि एमिली सुट्टीला फ्रान्सला जातात, गाडी बंद पडते म्हणून एका लहानशा गावात मुक्काम पडतो, २००६ च्या वर्ल्ड कपची मॅच लागलेली, बारमध्ये ही गर्दी, आणि त्यात पाच वर्षांच्या ऑलिव्हरचा हात बापाच्या हातातून सुटतो. संपलं. मग २०१४ मध्ये हाच टोनी परत त्याच गावात, लग्न मोडलेलं, दारू वाढलेली, लोकांची दारं ठोठावत फिरतोय आणि गावाला आता तो नकोसा झालाय. फक्त गुन्हेगार पकडायचा असता तर तीन भागात उरकलं असतं हो, पण मधल्या वर्षांत आईबापाचं काय झालं ते कधी दाखवणार? टोनी झालेल्या जेम्स नेस्बिटने ते काय केलंय! आणि काळ मागेपुढे होतो म्हणून गोंधळ उडतो म्हणे. अहो, तो तपास करणारा बाप्टिस्ट लंगडत आला की २०१४, धड चालत आला की २००६, इतकं सोपं आहे.

'फ्रेंच गावाचं सुंदर दर्शन' हेही राहू द्या, ते गाव काल्पनिक आहे आणि शूटिंग बरंचसं बेल्जियममध्ये झालंय.

त्यातला मलिक सुरी नावाचा पत्रकार मात्र तुमच्या ऑफिसात सगळ्यांनी एकदा बघाच, पोलिसातल्या माणसाकडून माहिती काढून त्या कुटुंबाच्या दुःखावर बातम्या कशा करतो ते.

२०१६ चा दुसरा सीझन वेगळ्या कुटुंबाचा आहे, त्यावर लिहिणार असाल तर शेवट तेवढा झाकून ठेवा, तो मी अजून बघितलेला नाही.

– एक नियमित वाचक