बाळसं दिसतं, लोह दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला पहिल्या दोन वर्षांतील आहारावरचा लेख वाचला. महिन्यागणिक वजनाचा तक्ता चांगला आहे, मी कापून ठेवला आहे. पण लोहाचा उल्लेख शेवटी एका ओळीत, ‘इतर घटक’ म्हणून उरकला आहे. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे.

माझी नात तेरा महिन्यांची होती तेव्हा बाळसं असं की मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडायच्या. शिवाय शांत. चटईवर बसवली की बसवल्या जागी. हातातला चेंडू घरंगळत गेला तर त्याच्याकडे बघत राहायची, मागे जायची नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, “काय गुणी बाळ आहे!” आणि मी फुशारून जायचे, कारण लेक कामावर गेल्यावर दिवसभर तिला मीच सांभाळत होते. सातव्या महिन्यापासून वरचं दूध सुरू होतं. ते ती आवडीने प्यायची. जेवताना तोंड फिरवलं की मी बाटली भरायचे. दिवसाकाठी लिटरभर दूध सहज संपे. जेवण म्हणाल तर चार-पाच चमचे, तेही घशात अडकू नये म्हणून गाळून पाण्यासारखं केलेलं.

लसीसाठी नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजनाच्या काट्याकडे फारसं लक्षच दिलं नाही. तिचा तळहात आपल्या तळहातावर ठेवून पाहिला, खालची पापणी बोटाने ओढून पाहिली आणि विचारलं, “दूध किती पिते?” मी अभिमानाने सांगितलं. “आणि वस्तूच्या मागे धावते का?” मी म्हटलं, “नाही हो, फार शांत आहे.” ते काही बोलले नाहीत, रक्ताची चिठ्ठी लिहून दिली. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. या वयात ते १०.५ ते ११च्या खाली जाऊ नये.

पुढे त्यांनी समजावलं ते, आणि मी नंतर वाचलं ते, थोडक्यात असं. बाळ पोटातून येतानाच लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी तोकडी असते. (नाळ बांधायला एक ते तीन मिनिटं थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही यासाठीच. तेवढ्यात बाळाला आणखी रक्त मिळतं.) ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडं असतं, पण अंगी छान लागतं. सहा महिन्यांनंतर मात्र तेही पुरत नाही. जनावराच्या दुधाची गोष्ट वेगळी. त्यात लोह कमी, असलेलं नीट शोषलं जात नाही, दुधातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन इतर अन्नातल्या लोहालाही आडवं येतं. वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून तर त्याने डोळ्यांना न दिसण्याइतकं रक्तही झिरपतं. वर पोट भरलेलं, म्हणजे जेवणाला जागा नाही. वजन चढतं आणि लोह उतरतं, ते असं.

मेंदूचं काय? दोन वर्षांपर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या पाऊणपट होतो. विश्रांतीतल्या बाळाच्या शरीराची निम्म्याहून अधिक ऊर्जा तो एकटा खातो. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण चढवायला, डोपामिनसारखी रसायनं बनवायला त्याला लोह लागतं. मला हादरवून गेली ती गोष्ट पुढची. लोह अपुरं पडलं की शरीर आधी लाल पेशींना देतं आणि मेंदूचा वाटा कापतं. म्हणजे रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन घसरलेलं दिसेपर्यंत मेंदूची उपासमार सुरू होऊन गेलेली असते.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात संशोधक बेट्सी लोझॉफ आणि सहकाऱ्यांनी तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उपचाराने रक्त भरून निघालं, तरी पाच वर्षांची असताना ही मुलं चाचण्यांत मागे होती, आणि पुढे किशोरवयातही फरक राहिला. त्यांच्या निरीक्षणात एक वाक्य माझ्या घरातलं वाटावं असं आहे. अशी बाळं कमी हिंडतात, बुजरी असतात, आईला चिकटून राहतात. आमचं ‘गुणी बाळ’ ते हेच. डॉक्टर म्हणतात वेळेत आलात. असेलही. पण लिटरभर दुधाचे ते महिने मी कुठल्या खात्यात मांडू, ते मला अजून कळत नाही.

उपचार साधा होता. डॉक्टरांनी मोजून दिलेलं लोहाचं औषध (हे स्वतःच्या मनाने देऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये, जास्त झालं तर जिवावर बेततं), दूध अर्ध्या लिटरवर, आणि बाटलीऐवजी पेला. जेवणात रोज डाळ आणि हिरवी भाजी, चालत असेल त्यांनी अंडं, मांस, मासे, सोबत आंबट फळ, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह अधिक शोषलं जातं. आणि घट्टपणा. चमचा तिरका केला तर अन्न त्यावर टिकलं पाहिजे, ओघळता कामा नये. हा माझ्यासारख्या ‘गाळून देणाऱ्यांचा’ खरा गुन्हा. बाळाच्या पोटात किलोमागे जेमतेम ३० मिली मावतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एक वाटीभर. ती वाटी पाण्याने भरायची की अन्नाने?

जमैकातल्या खुरटलेल्या मुलांवरच्या एका जुन्या प्रयोगाबद्दलही लेखात यायला हवं होतं. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या आयांना मुलांशी खेळायला-बोलायला शिकवलं, काहींना दोन्ही. सुरुवातीला दोन्हींचा फायदा दिसला, पण वीस वर्षांनी कमाईत फरक उरला तो खेळण्या-बोलण्याचा. म्हणून मोबाईल समोर धरून घास कोंबणं मला पटत नाही. नात आता चमचा हिसकावते, निम्मं अन्न कपाळाला लावते, आणि एकेका घासाला वीस मिनिटं गप्पा चालतात. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

आयोडीन आणि बी-१२ जीवनसत्त्व याबद्दलही लिहावं. आईलाच बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणारं बाळ शिकलेलं विसरू लागतं, बसणारं बसेनासं होतं. बालआहाराच्या डब्यांच्या ‘तल्लख बुद्धी’वाल्या जाहिराती मात्र तुमच्या त्याच पानावर होत्या, त्याबद्दल काय बोलणार!

एक विनंती. तो वजनाचा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा त्याला दोन रकाने जोडा. दिवसाला दूध किती, आणि चेंडू घरंगळला तर बाळ मागे जातं का.

आपली नम्र,
एक आजी