चित्रातली थोरली

प्रिय सुमे,

चार महिने तुझ्या मेसेजला उत्तर नाही, रागावली असशील, रागाव. पण आजचं तुलाच कळेल. तब्येती ठीक, माझा गुडघा थंडीत बोलतो तेवढंच.

रविवारी चौघं बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला गेलो. हे चित्रकार विन्स्लो होमरच्या 1885 च्या कोळ्याच्या चित्रापाशीच अडकले. छोटी होडी, समोर धुकं, आणि आमच्या मालवणकरांचा सगळा जीव त्या भल्यामोठ्या हॅलिबट माशात! मी पुढे गेले तर चित्रकार सार्जंटच्या बॉइट बहिणी, चौघींचं चित्र. 1882 सालचं, पॅरिसच्या घरातलं, सात फुटांहून उंच आणि तेवढंच रुंद. चित्रातल्या जपानी फुलदाण्या खऱ्याखुऱ्या दोन्ही बाजूंना ठेवल्यात, माझ्याहून उंच. चार वर्षांची धाकटी बाहुली घेऊन गालिच्यावर, आठ वर्षांची हात मागे घेऊन डावीकडे, आणि दोघी मोठ्या मागे अंधारात. बारावाली निदान समोर बघते. चौदाची फ्लोरेन्स फुलदाणीला टेकून, तोंड फिरवून. एप्रन पांढरा दिसतो, चेहरा नाही.

मागे वळले तर आमची थोरली भिंतीला टेकून, हुडीची टोपी ओढून, अगदी तश्शीच. ऑगस्टपासून बोलत नाही गं. "हं", "माहीत नाही", "दार लाव". शाळेत विचारलं तर मार्क छान आहेत म्हणे. हे म्हणतात वयच आहे. तेवढ्यात ती शेजारी येऊन म्हणाली, "हिला पुढे ये म्हणून कुणी सांगितलंच नाही का?" किती महिन्यांनी आख्खं वाक्य! आणि मी काय केलं, तर साल सांगितलं, चित्रकार तेव्हा फक्त 26 वर्षांचा होता ते सांगितलं, बोलतच सुटले. तिने हेडफोन कानाला लावले.

तेव्हा नववीतली तू आठवलीस. डबा घेऊन जिन्याखाली बसायचीस आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, फार भाव खातेस. स्नेहसंमेलनाच्या नाचातून तुझं नाव बाईंनी काढलं असं मी आजवर सांगत आले, पण मीच सांगितलं होतं त्यांना. तुझा संशय खरा होता.

त्या चौघींपैकी कुणीच लग्न केलं नाही, म्हणून लोक चित्रात दुःख शोधत बसतात. मला नाही पटत. 1919 मध्ये त्यांनीच ते वडिलांच्या आठवणीसाठी म्युझियमला दिलं, एवढं डाचत असतं तर दिलं असतं का? पण रात्री ताट घेऊन तिच्या दाराशी उभी राहते, टकटक करायला हात उचलते आणि खाली घेते, तेव्हा हे काही कामाला येत नाही.

तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? आणि क्लासला नवी जागा मिळाली? सविस्तर लिही, मी खरंच वाचते.

पण आधी हे सांग, जिन्याखाली तुझ्याशेजारी कुणी येऊन बसलेलं तुला चाललं असतं का? आणि बसून काही बोलायचं, की नुसता डबा उघडायचा? तुझ्या सकाळी सातला फोन कर. मी खाली गाडीत जाऊन बसते, घरात तिला ऐकू जातं.

तुझीच,
मंदी