एन३ची तयारी करताना

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "जपानी कुठवर आलं?" आणि मी नुसतं "चाललंय" म्हटलं. खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन५ सगळ्यांत सोपी, एन१ सगळ्यांत अवघड. मी एन३ला बसतेय, म्हणजे बरोबर मधली. २०१०च्या आधी ही पायरी नव्हतीच. तेव्हा चारच पातळ्या होत्या आणि तिसरीवरून दुसरीवर जाताना इतकी मोठी उडी मारावी लागायची, की परीक्षा बदलली तेव्हा ही मधली पायरी घातली. त्या उडीतलं अंतर आता मी चालत पार करतेय.

सुरुवातीचे शब्द रोज भेटायचे, त्यामुळे आपोआप पाठ व्हायचे. आताचे शब्द एकदा भेटतात आणि गायब होतात. पुन्हा समोर येतात तेव्हा अर्धेमुर्धे पुसलेले असतात. रोजच्या वापराच्या कांजींची, म्हणजे चिनीतून आलेल्या लिपिचिन्हांची, सरकारी यादी २,१३६ चिन्हांची आहे आणि बहुतेकांचे एकाहून जास्त उच्चार. पण आता त्या चिन्हांची आतली वीण दिसायला लागलीय. 'निळा' या अर्थाच्या चिन्हाला पाण्याची खूण जोडली की 'स्वच्छ', सूर्याची जोडली की 'निरभ्र', आणि दोन्हींचा एक उच्चार तोच, 'सेइ'. एक भाग अर्थ सांगतो, दुसरा आवाज. हे कळल्यापासून अनोळखी चिन्हाची भीती बरीच कमी झाली.

आणि आई, मराठी इतकी मदतीला येईल असं वाटलं नव्हतं. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामाच्या मागे प्रत्यय, हे तर होतंच. पण 'करून बघणे', 'करून ठेवणे', 'करून टाकणे' यांनाही जपानीत अगदी तशाच जोडक्रिया आहेत, आणि पहिल्या दोहोंत 'बघणे' आणि 'ठेवणे' हीच क्रियापदं येतात! इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यासाठी पानभर स्पष्टीकरण लागतं, मला एक ओळ पुरते. हे व्याकरण तुमच्या बोलण्यातून कधीच माझ्या कानात बसलं होतं.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र मी देण्याघेण्याच्या क्रियापदांवर घालवते. कुणी आपल्यासाठी काही केलं, तर जपानीत ते उपकार क्रियापदातच मान्य करावे लागतात. 'बाबांनी मला शिकवलं' एवढंच म्हटलं तर वाक्य कोरडं, जवळजवळ परकं वाटतं. त्याला 'कुरेरु' जोडावं लागतं, म्हणजे ते माझ्यासाठी केलं, मला मिळालं, हे ऐकणाऱ्याला कळतं. या धड्याच्या सरावासाठी स्वतःची वाक्यं लिहायची होती. मी लिहायला बसले आणि सगळी तुमच्याबद्दलचीच होत गेली. असं तुमच्याशी मी कधी बोलले नव्हते, मराठीतसुद्धा.

आदरार्थी भाषेची गंमत उलटी आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या आईवडिलांबद्दल आदरार्थी बोलायचं नाही, नम्रतेची रूपं वापरायची, कारण तिथे तुम्ही माझ्या बाजूचे असता. 'बाबा येतील' हे मोठेपणाच्या क्रियापदाने म्हणायला जीभ आपोआप वळते, तिला आवरावं लागतं. नियम कळलाय, पण मनाला अजून पटायचाय.

ऐकणं अजून कच्चं आहे. 'करून टाकणे'मधल्या 'टाकणे'साठी पुस्तकात 'ते शिमाउ' असतं, माणसं 'च्याउ' म्हणून मोकळी होतात, आणि ते कळेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. एन३ला १८०पैकी ९५ गुण पुरतात, पण तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान १९ हवेत. ऐकण्यात त्याखाली गेलं, तर बाकीचं कितीही चांगलं असो, उपयोग नाही. म्हणून सकाळचा पहिला तास मी फक्त ऐकण्यासाठी ठेवलाय. त्या वेळात फोन उचलला नाही तर काळजी करू नका.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे, निकाल जानेवारीच्या शेवटी लागेल. या परीक्षेत बोलायला लावतच नाहीत, त्यामुळे उत्तीर्ण झाले तरी धड बोलता येईलच असं नाही. निकालाची वाट न बघता मी बोलण्याच्या सरावाचा वर्ग सुरू करणार आहे. बाबा, फीचं मी बघते, तुम्ही पाठवू नका.

तब्येतीला जपा.

तुमची लेक