संगणकाने लिहिलेले संवाद कोणाच्या मालकीचे?

मा. संपादक,
स. न.

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि तिच्यातील सजीव देखावे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. या देखाव्यांचे संवाद मी बरीच वर्षे लिहीत आलो आहे. यंदा मात्र एका मंडळाने ते चॅटजीपीटीकडून लिहून घेतले आणि माझ्याकडे केवळ तपासायला दिले. 'राणी जिजाबाई' खोडून मी 'आऊसाहेब' केले, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, शेवटच्या प्रवेशात अकरा ओळी स्वतःच्या घातल्या. पण राज्याभिषेकाचे साल १६७४ ऐवजी १६७६ पडले होते, ते नजरेतून निसटले. मिरवणुकीच्या रात्री मागून आलेल्या दुसऱ्या मंडळाच्या कर्ण्यावरून तेच संवाद, त्याच अकरा ओळी आणि तेच १६७६ ऐकू आले. 'आमचे संवाद चोरले' आणि 'यंत्राच्या लिखाणाला कसला मालक?' हा वाद तेव्हापासून गल्लीत धुमसतो आहे.

कायदा याबाबत अगदीच गप्प नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीची तरतूद आली असून, अशी कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत ठरते तीच तिची कर्ता, असे कलम २ सांगते. पण कारणीभूत कोण? मोबाईलवर चार ओळींची सूचना टाइप करणारा मुलगा, त्याला ते काम सांगणारे मंडळ, की यंत्र घडवणारी कंपनी? कंपनीने तर मजकुरावरील आपला हक्क, 'असलाच तर', वापरकर्त्याला देऊन टाकल्याचे आपल्या अटींत म्हटले आहे. सगळी गोम त्या 'असलाच तर' मध्ये आहे. तसाच मजकूर दुसऱ्यालाही मिळू शकतो, असेही त्याच अटी बजावतात. दुसऱ्या मंडळाने ही सबब पुढे केलीच होती, परंतु माझ्या अकरा ओळी काही यंत्राने त्यांना दिलेल्या नाहीत.

केवळ यंत्राला कर्ता मानण्यास वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नकार दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात, डिसेंबर २००७ मध्ये, नुसते श्रम पुरेसे नाहीत, किमान सर्जनशीलता हवी, असा निकष घालून दिला. त्यात माझ्या शुद्धलेखनाच्या खुणा बाद होतात, आणि ते योग्यच आहे. मात्र मुलाची ती चार ओळींची सूचना या निकषाला उतरते की नाही, हे केंद्र सरकारने कायद्यातच स्पष्ट लिहावे. कारण मानधन म्हणून शाल-श्रीफळ मिळणारी माणसे त्यासाठी धारवाडच्या खंडपीठापर्यंत जाणार नाहीत.

पहिल्या मंडळाने, सगळे संवाद तुमचेच म्हणून तक्रार लिहून द्या, असा आग्रह धरला आहे. मी त्यांच्या प्रतीतील अकरा ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढून दिली. उरलेल्या नऊ पानांवर सही करायला हात धजत नाही.

आपला,
एक संवादलेखक, शहापूर, बेळगाव