कृष्णधवल चित्रामागची मेहनतही छापा

संपादक महोदय,

अॅन्सेल अॅडम्स (१९०२–१९८४) या अमेरिकन निसर्गछायाचित्रकारावर मराठीत लिहिले जाते ते बहुधा योसेमिटी या अमेरिकी राष्ट्रीय उद्यानाच्या चित्रांच्या कौतुकापुरतेच. त्यांचे काम समजून घ्यायला १९२७ सालचे तिथल्या हाफ डोम या कड्याचे चित्र पाहावे. पिवळ्या फिल्टरने आकाश हवे तितके काळेभोर येणार नाही, हे ओळखून त्यांनी गडद लाल फिल्टर लावला आणि उरलेल्या शेवटच्या प्रकाशसंवेदी काचेवर पाच सेकंदांचे एक्स्पोजर दिले, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश पडू दिला. चित्र आधी डोळ्यांपुढे पूर्ण उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह तिथलाच.

छायाचित्रकार फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी बांधलेली झोन पद्धत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायऱ्यांत मांडून एक्स्पोजर ठरवण्याची रीत) नागपूरच्या उन्हात फारच कामाची. अंबाझरी तलावाच्या काठी झाडाखालच्या सावलीत तपशील हवा असेल, तर प्रकाश मोजणारा मीटर त्या सावलीवर धरावा आणि तो दाखवेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांश, एक्स्पोजर द्यावे. कारण मीटर सावलीलाही मधला करडा रंग समजतो आणि ती हवी त्याहून फिकट येते. चकाकते पाणी डेव्हलपिंगचा, म्हणजे फिल्म रसायनात ठेवून चित्र उमटवण्याचा वेळ पंधरा-वीस टक्के घटवून सांभाळता येते.

खरी कसोटी मे महिन्यात. चित्र उमटवणारे रसायन, म्हणजे डेव्हलपर, साधारण २० अंश सेल्सिअसवर हवा आणि नळाला येते गरम पाणी. द्रावणात बर्फ टाकू नये, ते पातळ होते. बाटलीच बर्फाच्या पाण्यात ठेवावी. फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे हवे, नाहीतर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून आकसतो, निगेटिव्हवर जाळी उमटते आणि ती कशानेच जात नाही.

रविवार पुरवणीत निसर्गचित्रे छापताना फिल्टर, एक्स्पोजर आणि डेव्हलपिंगची वेळही द्यावी, ही विनंती.

– कृष्णधवल छायाचित्रणाचा एक अभ्यासक, नागपूर